गरी टाकून बसायला खुर्ची घेताना आधी पाय बघा, मग कापड

प्रश्न असा आहे. पवनी तालुक्यातले एक भाऊ गोसेखुर्द धरणाच्या बुडीताच्या काठावर किंवा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर रविवारी चार-पाच तास मासे धरायला गरी, म्हणजे गळ, टाकून बसतात. सोबत घरची प्लास्टिकची खुर्ची नेतात. ती ओल्या मातीत रुतते, उतारावर तिचे पाय फाकतात, मोटारसायकलवर धड बांधता येत नाही आणि दोन तासांत कंबर धरते. त्यांचे वजन ८२ किलो, उंची ५ फूट ८ इंच. हलकी, टिकाऊ आणि बसायला सोयीची खुर्ची कोणती घ्यावी, असे ते विचारतात.

भाऊ, आधी निकाल सांगतो, कारणे मागून. तुमच्या कामाची खुर्ची म्हणजे सपाट घडी होणारी, तीन किलोच्या आसपासची, चार स्वतंत्र पाय असलेली, जाळीच्या कापडाची, जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच बैठकीची आणि पाठ असलेली. हात नसले तर उत्तम. पुढचे दोन पाय कमीजास्त करता येत असतील तर त्यासाठी पाचशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. आणि कुठलीही खुर्ची घेतली तरी तिच्या पायांना रुंद चकत्या स्वतः लावून घ्या, कारण बाजारातल्या खुर्च्यांचे पाय आपल्या गाळासाठी केलेले नसतात.

दुकानात सगळे लोक कापड दाबून पाहतात, पाठ टेकून पाहतात आणि खुर्ची घेतात. तलावावर मात्र खुर्ची कापडापासून सहसा बिघडत नाही. ती पायापासून किंवा सांध्यापासून बिघडते. म्हणून खुर्ची बघायची तर खालून वर बघा.

पायाचा हिशेब करून पाहू. तुमचे ८२ किलो आणि खुर्चीचे ३, असे ८५ किलो. पाठ टेकून बसलात की त्यातला जवळपास दोन तृतीयांश भार मागच्या दोन पायांवर जातो, म्हणजे ५७ किलो. साध्या खुर्चीच्या पायाचा पाइप साधारण २२ मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या टोकाचे क्षेत्रफळ पावणेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास, दोन पायांचे साडेसात. म्हणजे मागच्या पायाखाली दर चौरस सेंटिमीटरला साडेसात किलो दाब पडतो. उलट तुम्ही एका पायावर उभे राहिलात तर तळव्याचे क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटर धरले तरी दाब अर्ध्या किलोच्या जरा वर. जिथे तुमचा पाय नुसता उमटतो तिथे खुर्चीचा पाय घोट्याइतका आत का जातो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता त्याच पायाला १० सेंटिमीटर बाजूची चौकोनी चकती लावली, तर दोन चकत्यांचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब ०.३ किलोच्याही खाली येतो. तो तुमच्या स्वतःच्या पावलाच्या दाबापेक्षा कमी. मग नियम सोपा होतो: जिथे तुम्ही न रुतता चालत जाता तिथे खुर्चीही रुतणार नाही. ‘चिखलासाठी खास पाय’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा जेमतेम ५ सेंटिमीटर व्यासाचे असतात. त्यांनी दाब दीड किलोच्या आसपास येतो. गवतावर किंवा मुरमावर तेवढे पुरते, गाळपेरीच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या, जमिनीवर पुरत नाही.

माती कोणती यावरही बरेच अवलंबून आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात मामा तलावाच्या आणि बोडीच्या (लहान तळ्याच्या) पोटात बारीक गाळ असतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मात्र मुरूम किंवा दगड, तिथे खुर्ची खंबीर राहते. पश्चिमेकडे अप्पर वर्धा, पूस, खडकपूर्णा अशा धरणांच्या काठी काळी माती. पाणी उतरले की तिचा वरचा थर दोन दिवसांत वाळून कडक दिसतो, भेगाही पडतात, पण दोन बोटे खाली ओल तशीच असते. खुर्ची ठेवल्यावर पहिला अर्धा तास काही होत नाही. मग एक मागचा पाय पापुद्रा फोडून आत जातो आणि माणूस तिरपा पडतो. काळ्या मातीवर बसण्याआधी टाच जोरात मारून पाहा. टाचेखाली पापुद्रा फुटून खालची माती चमकली तर जागा बदला.

चकत्या घरी करता येतात. वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर तो ३ मिलिमीटरचा पत्रा काढेल. तो नको. १० बाय १० सेंटिमीटरच्या तशा एका तुकड्याचे वजन जवळजवळ २३५ ग्रॅम होते, चारांचे ९४० ग्रॅम. हलकी खुर्ची घेऊन तिला एक किलो लोखंड बांधण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा पाट घ्या, १० मिलिमीटर जाडीचा. त्यातून चार चौकोन कापा, कोपरे गोल करा. एक चौकोन शंभर ग्रॅमच्या आत बसतो, पाण्याने फुगत नाही, कुजत नाही. प्लायवुडही चालते, पण कडांना तेलरंगाचे दोन हात न दिल्यास एका पावसाळ्यात पदर सुटतात.

चकती पायाला बसवण्यासाठी नळकामाच्या दुकानातून पाइप बंद करायची चार टोपणे आणा. पायाचा रबरी बूट काढा आणि पाइप त्या टोपणात सैलसर जाईल असे माप घ्या. थोडी फट राहिली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पायाभोवती गुंडाळून भरा. टोपणाच्या बुडाला मधोमध ६ मिलिमीटरचे भोक पाडा आणि तसेच चकतीला. बोल्ट खालून वर घाला, त्याचे डोके चकतीत बुडेल एवढी खाच करा. चकती आणि टोपण यांच्यामध्ये ट्यूबचे चार पदर किंवा जाड रबरी वॉशर ठेवा. नट नायलॉनच्या कड्याचा वापरा, तो हादऱ्याने सुटत नाही. तो पूर्ण आवळू नका. रबर किंचित दबेल एवढाच आवळा, म्हणजे चकती चारी बाजूंना थोडी डुलते आणि पाय तिरपा असला तरी जमिनीवर सपाट बसते. शेवटी टोपणातून आणि पायातून आडवे ५ मिलिमीटरचे भोक पाडून बोल्ट घाला. हे भोक पायाच्या टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत असू द्या. तिथे पाइपावर वाकवणारा जोर फार कमी असतो. भोक वर सरकले की पाइप तिथेच पुढे वाकतो.

तो आडवा बोल्ट टाळू नका. नुसती दाबून बसवलेली चकती पहिल्याच दिवशी चिखलात राहते. गाळ चकतीला खालून ओढून धरतो आणि खुर्ची सरळ वर उपटली की पाय निघतो, चकती निघत नाही. उठताना खुर्ची उपटायची नसते. एका बाजूला कलवून आधी दोन पायांखाली हवा जाऊ द्या, मग दुसरे दोन. पाठीची दांडी धरून झटका दिला की सगळा ताण पाठीच्या सांध्यावर येतो आणि पाठीचे रिवेट ढिले होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

उताराबद्दल. खुर्चीच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असते. चार फुटांना एक फूट उतार असेल तर पुढचे पाय ११ सेंटिमीटर लांब हवेत. बाहेर सरकणाऱ्या पायांना बहुतेक १२ ते १५ सेंटिमीटर वाव असतो, तेवढ्यात हे बसते. दोन फुटांना एक फूट उतार असेल तर २२ सेंटिमीटर लागतात, ते कुठल्याच साध्या खुर्चीत मिळत नाहीत. तिथे बसूच नका. काही लोक अशा वेळी पाळ खणून खुर्चीपुरती पायरी करतात. ते अजिबात करू नये. मामा तलावांची पाळ मातीची असते, तिच्यावरची घट्ट माती आणि गवत हेच तिचे संरक्षण. खणलेल्या जागी पावसाचे पाणी थांबते आणि घळ तिथूनच सुरू होते. त्या पाळीच्या भरवशावर खालच्या बांध्यांचे (भातखाचरांचे) धान उभे असते. त्यापेक्षा पन्नास पावले चालून सपाट जागा शोधा.

पुढचे पाय लांब होत नसतील तर मागच्या पायांखालची जागा खोल करण्याऐवजी पुढच्या पायांखाली सपाट दगड ठेवा, पण दोन्हीकडे सारख्या जाडीचे आणि हलवून पाहिलेले. दगडी अस्तर असलेल्या काठावर चारही पाय वेगवेगळे कमीजास्त होणारी खुर्ची असेल तरच बसा. सरकत्या पायांचे कुलूप दोन प्रकारचे असते. एकात स्प्रिंगची गुंडी भोकात अडकते, दुसऱ्यात बाहेरून पेच आवळायचा असतो. गुंडीचे घ्या. पेच ओल्या हाताने पुरेसा आवळला जात नाही आणि भार पडला की पाय सावकाश आत सरकतो.

मग सांधे. कात्रीसारखे दोन पाय जिथे एकमेकांना छेदतात, तिथे पाइपाला भोक पाडून रिवेट मारलेले असते. वाकवणारा जोर सर्वांत जास्त त्याच जागी आणि पाइप सर्वांत अशक्तही त्याच जागी. चांगल्या खुर्चीत त्या भोकात नळी किंवा प्लास्टिकचा बुश असतो आणि दोन पाइपांच्या मध्ये वॉशर असतो, म्हणजे रिवेट आवळताना पाइप चपटा होत नाही. स्वस्त खुर्चीत रिवेटभोवती पाइप आधीच दबलेला दिसतो. तसा दिसला तर ती खुर्ची ठेवून द्या. तो पाइप तिथेच मोडणार.

छत्रीसारखी चारी बाजूंनी मिटणारी, पिशवीतून खांद्यावर नेता येणारी खुर्ची सगळीकडे मिळते. तिच्यात खालच्या आणि वरच्या कोपऱ्यांना प्लास्टिकचे जोड असतात. ते जोड अंगठ्याने दाबून पाहा. दाबल्यावर प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली तर ते उन्हात फार दिवस टिकणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तशा उन्हात टपरीबाहेर लटकवून ठेवलेली खुर्ची नवी असूनही आतून म्हातारी झालेली असते, म्हणून दुकानाच्या आत ठेवलेला माल मागा. या प्रकारच्या खुर्चीत एकाच जोडावर दोन-तीन पाइप येतात. एक पाय रुतला की सगळा सांगाडा पिळतो आणि जोड तडकतो. चकत्या लावल्या तर हीच खुर्ची बरीच टिकते.

ॲल्युमिनियम की लोखंड, हा प्रश्न सगळे विचारतात. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून सारख्या जाडीचा पाइप घेतला तर ॲल्युमिनियमची खुर्ची लचकते. ती चांगली असेल तर तिचा पाइप जास्त व्यासाचा असतो, २५ मिलिमीटर किंवा वर. दुसरा फरक मोडण्यात आहे. लोखंडी पाइप आधी वाकतो, तुम्हाला कळते, आणि तालुक्याला कुठेही त्याला वेल्डिंग होते. ॲल्युमिनियम वारंवार लचकून भोकाजवळ बारीक चीर धरते आणि एक दिवस अचानक सुटते. त्याचे वेल्डिंग प्रत्येक गावात होत नाही, आणि झाले तरी उष्णतेने जोडाशेजारचा भाग मऊ पडतो. माझे मत असे: मोटारसायकल काठापर्यंत जात असेल तर साडेतीन-चार किलोची लोखंडी खुर्ची जास्त वर्षे साथ देईल. पांदणीतून किंवा बांध्यांच्या धुऱ्यावरून किलोमीटरभर चालावे लागत असेल तर ॲल्युमिनियमची घ्या आणि दर महिन्याला सांध्याजवळ फडक्याने पुसून चीर आहे का ते बघा. चीर नखाला लागते.

दुकानदार ‘ॲल्युमिनियम आहे’ म्हणाला तरी लोहचुंबक लावून पाहा. पुष्कळ खुर्च्यांत फक्त हात किंवा पाठीची दांडी ॲल्युमिनियमची आणि पाय लोखंडी असतात. लोखंडी असेल तर एका पायाचा रबरी बूट काढून पाइपाची कड बघा. एक मिलिमीटर जाडी तरी हवी. त्याच वेळी आत गंज दिसतो का तेही बघा. बाहेरचा रंग कितीही चांगला असला तरी लोखंडी पाइप आतून गंजतो, कारण बुटात पाणी साचून राहते. नवी खुर्ची आणल्यावर बुटांच्या बुडाला खिळ्याने भोक पाडावे, पाणी निघून जाते.

कापड निवडणे त्यामानाने सोपे. उन्हाळ्यात बसायचे तर जाळीचे, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेल्या पॉलिस्टर धाग्याचे. घाम वाहून जातो, पावसाचे पाणी थांबत नाही. बिनजाळीचे घ्यायचे तर ६०० डेनिअरचे (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिस्टर पुरते. नायलॉन घासण्याला जास्त टिकते, पण पाणी पिऊन सैल होते आणि उन्हाने पॉलिस्टरपेक्षा लवकर खराब होते, म्हणून पाण्याकाठच्या खुर्चीला पॉलिस्टरच बरे. कापडाच्या मागे रेक्झिनसारखा लेप असेल तर तो दोन उन्हाळ्यांत सुटू लागतो, त्याला दर्जाची खूण समजू नका. रंग काळा किंवा गडद निळा नको, मोटारसायकलवरून उन्हात नेलेली काळी बैठक मांडीला चटका देते.

शिवण मात्र निरखून बघा. कापड जिथे पाइपाला अडकते तिथे दोन पदर हवेत आणि शिवणीच्या टोकांना पुढेमागे दाट मारलेला टाका हवा. टाका इंचाला सात-आठ. फार दाट टाकाही वाईट, सुईच्या भोकांच्या रेषेवर कापड फाटते. कापड उजेडाकडे धरून दोन हातांनी शिवणीवर ताणा. भोके डोळ्यांना मोठी होताना दिसली तर बसल्यावर ती आणखी मोठी होणार.

कंबर का धरते ते आता. तुमच्या उंचीला बैठक ४० ते ४३ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे तळवे जमिनीवर टेकून मांड्या आडव्या राहतात. २५-३० सेंटिमीटरच्या बुटक्या खुर्च्या स्थिर असतात, पण त्यांत गुडघे बैठकीच्या वर येतात, कंबर मागे गोल होते आणि तेच दुखणे सुरू होते. शिवाय मासा लागल्यावर झटकन उठता येत नाही. बैठक मागच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरच खाली असावी. पाठ बैठकीपासून थोडी मागे कललेली, १०० ते ११० अंशांत. सरळ नव्वद अंशांची पाठ दिसायला भक्कम, बसायला जाचक.

दुकानात पाच मिनिटे नव्हे, पंधरा मिनिटे बसा. पहिल्या पाच मिनिटांत कुठलीही खुर्ची चांगलीच वाटते. कापड शरीराच्या भाराने सैल झाले की पुढची आडवी दांडी मांडीखाली लागू लागते, आणि तिथून पायाला मुंग्या येतात. बसल्यावर मांडी आणि पुढची कड यांच्यात दोन बोटे सहज जायला हवीत. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत चार बोटे अंतर हवे. मागची आडवी दांडी माकडहाडाला लागत असेल तर ती खुर्ची कितीही स्वस्त असली तरी नको. घेतलेल्या खुर्चीत कंबरेला आधार कमी पडत असेल तर दुपट्ट्याची चार बोटे जाड घडी करून पट्ट्याच्या जरा वर ठेवा, मानेखाली नव्हे. आणि अर्ध्या तासाने एकदा उठून चार पावले चालाच. सलग तासन् तास न हलता बसून शरीर आखडणार नाही अशी खुर्ची कुठेच मिळत नाही.

खुर्चीच्या हातांबद्दल मत वेगळे असू शकते, पण गळाला बसणाऱ्याला हात अडचणीचे. मासा लागल्यावर काठी बाजूने उचलावी लागते, तिचे बूड हाताच्या दांडीला अडते आणि तेवढ्यात दोर ढिला पडून मासा सुटतो. गुडघे दुखत असतील आणि उठायला टेकू लागत असेल तरच हातांची घ्या, तीही वर करता येणाऱ्या हातांची. काठी टेकवायचा आधार खुर्चीला कधीच लावू नका. कतला मासा जोरात ओढतो, खुर्ची कलते. जमिनीत बेचकीची खुंटी ठोका. छत्रीचेही तेच, खुर्चीला बांधलेली छत्री वाऱ्यात शीड होते.

ही सगळी चर्चा एका जागी बसून रोहू, मृगळ, कतल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी. मरळ आणि डाडकाच्या मागे काठाकाठाने फिरणाऱ्याने खुर्ची नेऊच नये. त्याने तीन पायांचा घडीचा स्टूल न्यावा, किलोभराचा. तीन पाय कुठल्याही उंचसखल जागी डुगडुगत नाहीत. मात्र तासाच्या वर त्यावर बसवत नाही. किलोभर वजनाच्या, रबरी दोरीने जुळणाऱ्या नळ्यांच्या खुर्च्या ऑनलाइन मिळतात. लांब चालायला छान, पण त्या बुटक्या, त्यांचे पाय बारीक, आणि ८२ किलोच्या माणसाला गाळावर उपयोगाच्या नाहीत.

खुर्चीवर १०० किलो लिहिले असेल तर तो स्थिर ठेवलेला भार समजा. माणूस धपकन बसतो, एका बाजूला झुकतो, तेव्हा जोर कितीतरी वाढतो. आपल्या वजनाच्या दीडपट आकडा हवा, म्हणजे तुमच्यासाठी १२० च्या वरची. वजनही स्वतः करा, शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर. मग सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर सांगाडा वाकडा आहे, दुसरी मागा. दहा वेळा उघडमीट करा, बोट चिमटण्याची जागा तेव्हाच कळते.

मोटारसायकलवर सपाट घडीची खुर्ची सीटच्या बाजूने उभी, दोन ठिकाणी ट्यूबने आवळून बांधा. आडवी बांधली तर पांदणीत बाभळीला अडकते. सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका, पॉलिस्टर वितळते. पाइपावर पाइप घासतो तिथे फडके ठेवा.

घरी आल्यावर माती ओली असतानाच धुवा. वाळलेला गाळ रिवेटच्या फटीत कानशीसारखा घासतो, भोक मोठे होते. सरकते पाय पूर्ण बाहेर काढून धुवा, वाळल्यावर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्याला धूळ चिकटते आणि पाय अडकतात. सांध्यांना मात्र मशीनच्या तेलाचा एकेक थेंब चालतो. कापडाला माशांच्या चाऱ्यातल्या ढेपेचा आणि कणकेचा वास राहिला तर उंदीर रात्रीत बैठक कुरतडतात. म्हणून चारा कालवलेले हात बैठकीला पुसू नका आणि खुर्ची आढ्याला तारेने टांगून ठेवा. कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या खुर्चीच्या घडीत विंचू बसतो. उघडताना आधी हात लांब ठेवून झटका, मग बोटे घाला.

बसायची जागा ठरवताना पाठीमागे झुडूप किंवा बेशरमाचे रान ठेवू नका. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या तालुक्यांकडे वाघाचा वावर आहे, तिथे पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने बसू नये. आभाळ गडगडू लागले की खुर्ची तिथेच सोडून पाळीवरून उतरा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. कार्बनची काठी हातात असेल तर ती आधी खाली ठेवा, तिच्यातून वीज वाहते. तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असेल तर त्यांना विचारूनच गळ टाका. अभयारण्यातल्या पाण्यावर जाऊच नका.

शेवटचा मुद्दा पैशाचा. कापड फाटले म्हणून खुर्ची टाकू नका, सांगाडा सरळ असेल तर नवी बैठक शिवून मिळते. जुने कापड उसवून मापाला द्या, नव्या कापडात ताणासाठी दोन सेंटिमीटर कमी धरायला सांगा. हे काम कपडे शिवणाऱ्याकडे नको, पिशव्या आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडे द्या, कारण त्याच्या मशीनला जाड सुई आणि पॉलिस्टरचा दोरा असतो. सुती दोऱ्याची शिवण पाण्याकाठी एक पावसाळाही काढत नाही. जाळी मिळाली नाही तर बाजेची नायलॉनची नवार आडवी-उभी विणून घ्या. ती भिजल्यावर सैल पडते, म्हणून पट्टीची टोके पक्की शिवण्याऐवजी बकलात अडकवा, म्हणजे हवी तेव्हा ओढून ताणता येते.